वहीतला अनिश्चित लाल पक्षी

हवाईला का गेलात, असं विचारणाऱ्याला समुद्रकिनारा हे उत्तर हवं असतं. आम्ही समुद्रात पाऊलही टाकलं नाही. आम्ही गेलो ते एका शब्दापायी. तो शब्द मीच लिहिला होता, सतरा वर्षांपूर्वी, निळ्या शाईत.

फेब्रुवारीत शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या दाराबाहेर गुडघाभर बर्फ होतं. सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. एप्रिलमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि ऑपरेशनची तारीख मिळालेली माणसं जशी उगाच घर आवरत सुटतात तसं त्याचं चाललं होतं. त्यात आमची पक्ष्यांची वही वर आली. तो ती घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि जरा वेळानं म्हणाला, "विजया, सतरा वर्षं मी या घरात अनिश्चित आहे."

"तू नाहीस. पक्षी अनिश्चित आहे."

"पक्ष्याला माहीत होतं तो कोण आहे ते. मलाही माहीत होतं. एकट्या तुलाच माहीत नव्हतं."

वहीबद्दल सांगायला हवं. मी अमरावतीला झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं आणि इथं येऊन अठ्ठावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लॅबमध्ये शंकास्पद नमुन्याची काच एकट्यानं पाहून चालत नाही. दुसरा माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावतो, त्याला तेच दिसलं तर तोही सही करतो, मगच रिपोर्ट बाहेर जातो. हाच नियम मी घरच्या वहीला लावला. बाहेर असताना चिटोऱ्यावर कच्ची नोंद, घरी आल्यावर वहीत पक्की, शाईनं. पुढे दोन रकाने: एकात 'वि.', दुसऱ्यात 'सु.'. दोघांनी पाहिला तरच पक्षी आमचा.

त्या एका ओळीत मात्र असं आहे: 'सॅडल रोड, हवाई. लाल पक्षी. अनिश्चित.' पुढे 'सु.' आहे. 'वि.'चा रकाना कोरा.

झालं होतं ते इतकंच. मुलगी मृणाल तेव्हा चौदाची. तिघं गाडी थांबवून रस्त्याकडेच्या झाडीपाशी उभे होतो. मृणालला थंडी वाजायला लागली म्हणून मी चहाचा थर्मास काढायला डिकीपाशी गेले. तेवढ्यात सुधीर धावत आला. तेव्हा तो धावत असे. "लाल! शेंदरासारखा लाल! चोच ही अशी वाकडी, नारिंगी! आणि आवाज कसा माहितीये? तुझ्या माहेरच्या झोपाळ्याच्या कडीसारखा, तेल न घातलेल्या!"

मी म्हटलं, "पक्षी होता की झोपाळा?"

मृणाल हसली, मीही हसले. त्या जंगलात लाल पक्षी दोन. एक आपापाने, तो पुष्कळ दिसतो. दुसरा इइवी, तो आता दुर्मीळ. दोघंही फुलांतला मध पिऊन जगतात. नवशिक्याला पुष्कळ असलेलाच दिसतो आणि दुर्मीळ असलेला दिसल्यासारखा वाटतो, हे मी अनुभवानं जाणत होते. मी 'अनिश्चित' लिहिलं. त्यानं तेव्हा वाद घातला नाही. पुढे सतरा वर्षं पुरवून पुरवून घातला. फोडणीत मोहरी पडली का असं मी विचारलं तरी उत्तर येई, "पडली असावी. अनिश्चित."

पण त्या दिवशी टेबलाशी तो चेष्टा करत नव्हता. म्हणाला, "ऑपरेशननंतर मी किती चालेन, माहीत नाही. ही ओळ एकदा पुरी कर. इकडे नाहीतर तिकडे."

मी त्याच दुपारी तिकिटं काढली.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. शिकागोहून होनोलुलूला थेट विमान आहे, पण नऊ तास एका जागी बसणं सुधीरच्या गुडघ्याला मानवलं नसतं. आम्ही सांता क्लाराला मृणालकडे दोन दिवस थांबून, तिथून सान होझेहून कोनाला गेलो. कोना हे हवाईच्या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला आहे, हिलो पूर्वेला. पक्ष्यांसाठी जायचं तर मुक्काम हिलोला करा. राहायला स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या, हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि सकाळी सहाला पोहे करता येतात. गाडी आधी ठरवा, तिथं पोचून शोधाल तर दर ऐकून परत फिराल. मार्चमध्ये जा, या पक्ष्यांना मध देणारी ओहियाची झाडं फुललेली असतात.

मृणालला बेत पसंत नव्हता. "आई, सिरियसली? नी रिप्लेसमेंटच्या आधी बाबांना ज्वालामुखीवर नेणार तू?"

"ज्वालामुखीवर नाही. दोन ज्वालामुखींच्या मधून रस्ता जातो, त्या रस्त्यावर."

"दॅट्स नॉट बेटर, आई!" मग तिनं बापाकडे वळून विचारलं, "बाबा, तुम्हाला नक्की आठवतंय का, तुम्ही काय पाहिलं होतं?"

सुधीर म्हणाला, "तू होतीस की तिथं. तू हसली होतीस."

मृणालनं विषय बदलला. निघताना तिनं अंगणातल्या कुंडीतला कढीपत्ता माझ्या पिशवीत भरून दिला. पोह्यांसाठी. विमानात हवाईचा शेतीचा फॉर्म भरायचा असतो: झाडं, पानं, फळं, बिया काही आणलंय का? मी 'हो' लिहिलं. कोनाला उतरल्यावर तपासणीच्या टेबलाशी स्वतः गेले आणि पुडकं पुढे केलं. तिथल्या बाईंनी आभार मानून ते ठेवून घेतलं.

सुधीर म्हणाला, "कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं."

"आणि पोहे?"

"पोहे बिनकढीपत्त्याचे."

हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढे माझी जी फजिती झाली तिचा याच्याशी संबंध आहे.

कोनाहून हिलोला सॅडल रोडनं दीडदोन तास लागतात. निघण्यापूर्वी टाकी भरा, मधे पेट्रोल मिळत नाही. रस्ता आता रुंद आणि उत्तम आहे, पण धुकं कधी उतरेल सांगता येत नाही, दिवसाही दिवे लावून चालवा. डावीकडे मौना केआ, माथ्यावर थोडं बर्फ. उजवीकडे मौना लोआ, पालथ्या घातलेल्या परातीसारखा. आणि मधे मैलच्या मैल काळा, गोठलेला लाव्हा. नांगरून टाकलेल्या डांबरासारखा दिसतो. त्या काळ्यात मधेच हिरव्यागार झाडीचे ठिपके. लाव्हा वाहत आला तेव्हा या तुकड्यांना वळसा घालून पुढे गेला आणि आतलं जुनं जंगल तसंच राहिलं. तिथले लोक अशा तुकड्याला किपुका म्हणतात. आमचा पक्षी अशाच एका किपुकाच्या काठाशी दिसला होता, म्हणजे दिसला असेल तर.

हिलोला पाऊस. तिथं रोजच पाऊस. पत्र्यावर आवाज करत पडतो, थांबतो, पुन्हा पडतो. बाजारात पपई घ्या, त्यावर लिंबू पिळा, एवढी गोड पपई मी भारत सोडल्यापासून खाल्ली नव्हती. जेवायला ताटात भाजलेला मासा, भाताचे दोन गोळे आणि मॅकरोनीचं सॅलड मिळतं. मासा घ्या, भात घ्या, मॅकरोनीला हात लावू नका. मालासादा नावाचा गोल तळलेला, साखरेत घोळवलेला पाव मिळतो. सुधीरनं दोन खाल्ले आणि मी मोजत नाही असं समजून तिसरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून सॅडल रोडवरच्या एका सोप्या पायवाटेवर गेलो. ती एका किपुकातूनच जाते, खडी नीट पसरलेली आहे, जागोजागी बाक आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना जमेल. तोंडाशीच एक ठाणं आहे: खाली ब्रश बसवलेले, शेजारी फवाऱ्याच्या बाटल्या. बुटांचे तळ घासायचे, मग औषध मारायचं, मगच आत. ओहियाच्या झाडांना एका बुरशीचा रोग लागला आहे आणि ती माणसांच्या बुटांच्या मातीतूनही पसरते. काही लोक नुसता पाय लावल्यासारखं करून पुढे जात होते. तसं करू नका. नीट घासा.

सुधीरला एका पायावर उभं राहता येईना. मी त्याला दगडावर बसवलं आणि बसून त्याचे बूट घासले. तो म्हणाला, "लग्नात तुझ्या वडिलांनी पाय धुतले होते. आता तू बूट धुतेस."

"तेव्हा तुझा गुडघा वाकत होता. पाय वर कर."

आत गेलं की पहिल्यांदा ओहिया भेटतो. जांभळाच्या कुळातलं झाड. फूल म्हणजे नुसते लाल केसर, लहान मुलाच्या टोपीवरच्या गोंड्यासारखे. झाडं धुक्यात उभी होती आणि वर कुठंतरी सतत फुरफुर चाललेली, पक्ष्यांच्या पंखांची. आम्ही बाकावर बसलो. अर्ध्या तासानं अगदी समोरच्या फांदीवर एक लाल पक्षी उतरला. माझ्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली होती. सुधीरची स्वच्छ होती.

मी विचारलं, "तोच का?"

त्यानं बराच वेळ पाहिलं. "नाही. चोच काळी आहे, आखूड. शेपटीखाली पांढरं. हा आपापाने. मी पाहिला तो हा नव्हता."

तोवर माझी काच पुसून झाली होती. त्याचं बरोबर होतं.

त्याच्या त्या 'नाही'नं मी जरा अस्वस्थ झाले. लॅबमध्ये मी एक गोष्ट शिकले: ज्याला विशिष्ट निकाल हवा असतो त्याच्या डोळ्यांवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. सुधीरला सतरा वर्षं एक निकाल हवा होता. समोर लाल पक्षी होता, मला दिसत नव्हतं, तो 'हो' म्हणाला असता तर मी काय करणार होते? आणि तो 'नाही' म्हणाला. असा माणूस सतरा वर्षांपूर्वी धावत आला होता आणि मी त्याला झोपाळा म्हणून हसले होते. मी हे त्या वेळी बोलून दाखवलं नाही. चिटोऱ्यावर 'आपापाने, एक' असं लिहिलं.

दुपारपर्यंत बसलो. आपापाने आले, गेले. दुसरा लाल आला नाही. परत येताना तो गाडीत म्हणाला, "उद्या तू त्या लांबच्या वाटेला जा. वाटाड्या घेऊन."

"तू?"

"लाव्ह्यावर मी दहा पावलं नाही चालणार. गुडघा माझा आहे. डोळे तुझे आहेत. जा."

तिसऱ्या दिवशी गेले. पक्षी दाखवणाऱ्या दिवसभराच्या सहली हिलोहून निघतात, माणशी दोनशे डॉलरच्या वर पडतात, त्यात सँडविच आणि रेनकोट असतो. महाग आहे. तरी घ्या. आमच्या वाटाड्या लेलानी नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, त्याच बेटावर जन्मलेल्या, कमी बोलणाऱ्या. मला लगेच आवडल्या. व्हॅनमध्ये आणखी एकच पाहुणी होती. मी डबा उघडला तशी ती मागून म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी ना? मला वाटलंच, डबा बघून!"

केतकी, मूळची पुण्याची, आता सांता क्लारात सॉफ्टवेअरमध्ये. तीन वर्षांत पहिली सुट्टी घेऊन एकटी आली होती. हातात तिच्या मनगटापेक्षा जाड कॅमेरा. तिनं माझे बिनकढीपत्त्याचे पोहे खाल्ले आणि नावं ठेवली नाहीत. संस्कार चांगले.

वाटेच्या तोंडाशी लेलानीबाईंनी आमचे बूट तपासले. मी ते आदल्या रात्रीच जुन्या टूथब्रशनं घासून ठेवले होते. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली. मग म्हणाल्या, "आता रेनकोट."

माझा रेनकोट घरचा होता, मी अंगणात काम करताना घालते तो. त्यांनी खिशाची चिकटपट्टी उघडली, चिमट्यानं काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. धना. उन्हाळ्यात वाफ्यात पेरलेल्या धन्यांपैकी एक, अर्धा फुटलेला.

"सगळे बूट धुतात," त्या म्हणाल्या, "खिसे कोणी बघत नाही."

कढीपत्ता स्वतःहून काढून देणारी मी, नेपरव्हिलचा धना खिशात घेऊन त्या जंगलाच्या दारात उभी होते. केतकीनं हसू दाबलं. मी तिला म्हटलं, "हस. हसण्यासारखंच आहे." तो धना बाईंनी एका छोट्या डबीत टाकला आणि झाकण लावलं.

वाट लाव्ह्यावरून जाते. पायाखाली खापऱ्या फुटल्यासारखा आवाज येतो. जाड तळाचे, घोटा धरणारे बूट हवेत, काठी हवी, पाणी भरपूर हवं. उंची सहा हजार फुटांच्या आसपास आहे, धाप लागते, सावकाश चाला. या वाटेच्या नावात ओओ असा शब्द आहे. मी त्याचा अर्थ विचारला.

लेलानीबाई थांबल्या. "ओओ एक पक्षी होता, असं आमच्याकडे बरेच जण सांगतात. काळा, पंखाखाली पिवळी पिसं. तोही मध प्यायचा. आता नाही. कुठंच नाही. नाव राहिलं."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. या बेटांवर पूर्वी डास नव्हते. जहाजांबरोबर आले आणि त्यांच्याबरोबर पक्ष्यांचा हिवताप. इइवीला एक चावा पुरतो. म्हणून तो खालच्या जंगलांतून संपला आणि वर, डासांना न सोसणाऱ्या थंडीत, उरला. आता थंडी कमी होते आहे आणि डास वर चढत आहेत. "लहानपणी माझ्या आजीच्या घराशी इइवी यायचे," त्या म्हणाल्या. "आता मी त्यांना बघायला दोन तास गाडी चालवते."

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. इइवीचे पूर्वज फार फार पूर्वी आशियातून समुद्र ओलांडून आले, साध्या जाड चोचीचे, दाणे खाणारे. इथल्या फुलांनी त्यांच्या चोची वाकवल्या.

केतकी म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच, काकू. फक्त व्हिसा नव्हता."

"आणि परत जायचा विचारही नव्हता," मी म्हटलं.

"तो मलाही कुठंय," ती म्हणाली.

पहिल्या किपुकात आपापाने भरपूर. दुसऱ्यात एक पिवळा-हिरवा चिमुकला पक्षी. लाल, वाकड्या चोचीचा नाही. केतकीनं कंटाळून फोन काढला. "यात कॉल आहे त्याचा. प्ले करू? येईल लगेच." मी तोंड उघडायच्या आत लेलानीबाईंनी तिच्या फोनवर हात ठेवला. "त्याला वाटेल दुसरा नर आला. तो खाणं सोडून भांडायला येईल. आपण वाट पाहू."

वाट पाहिली. तिसऱ्या किपुकाच्या काठाशी, ओल्या शेवाळावर बसून, तास दीड तास. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला थंडी वाजायला लागली. थर्मास काढावा म्हणून पिशवीकडे वळले आणि तशीच थांबले. थर्मास नको, असं वाटलं. सतरा वर्षांपूर्वी मी थर्मासच काढत होते.

आणि तेव्हा ऐकू आलं.

कर्रर... कीक. कर्रर... कीक.

मला पक्षी आठवला नाही. मला बाबांच्या पायाचा अंगठा आठवला, फरशीला टेकून झोका देणारा, आणि आई आतून ओरडते आहे, अहो, त्या कडीला कोणी तेल घाला रे. तोच आवाज. तसाच, थोडा रडका, थोडा चिडका. मी 'पक्षी होता की झोपाळा' म्हणून हसले होते तो.

"इइवी," लेलानीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

तो माझ्यासमोर पंधरा हातांवर आला. शेंदरासारखा लाल. याला दुसरी उपमा नाही, मारुतीच्या अंगावरचा ताजा शेंदूर. पंख काळे. चोच वाकडी, नारिंगी, आपल्याकडच्या मध पिणाऱ्या शिंजिराच्या चोचीपेक्षा लांब आणि धीट. तो फांदीवर उलटा लटकला, ओहियाच्या गोंड्यात चोच खुपसली, बाहेर काढली तेव्हा कपाळाला पिवळे परागकण. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा कडी वाजवली आणि वर गेला. सगळं मिळून एक मिनिटही नसेल.

केतकीचा कॅमेरा दहा वेळा वाजला. तिनं पडदा पाहिला आणि "ओ नो" म्हणाली. फोटोत हिरव्यावर एक लाल फराटा आला होता, आणि कोपऱ्यात माझ्या टोपीची कड.

"काकू, तुम्ही रडताय?"

"धुकं आहे," मी म्हटलं.

परत आले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. पत्र्यावर पाऊस चालू होता. सुधीर ओट्यापाशी उभं राहून कॉफी करत होता. वळला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"दिसला."

"दिसला."

"बस." त्यानं खुर्ची ओढली आणि समोर बसला, मी लॅबमध्ये नवीन मुलींची तोंडी परीक्षा घ्यायचे तसा. "रंग?"

"शेंदरी."

"चोच?"

"वाकडी. नारिंगी. लांब."

"दुसरा साक्षीदार?"

"केतकी म्हणून एक मुलगी. फोटो आहे." मी फोनवर आलेला फोटो दाखवला.

त्यानं चष्मा वर केला. "यात टोपी दिसते आहे. टोपीची नोंद करता येईल." मग चष्मा खाली केला. "आवाज?"

मी ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बाबांचा झोपाळा," मी म्हटलं.

तो हसला नाही. सतरा वर्षं या एका क्षणासाठी त्यानं काय काय वाक्यं जपून ठेवली असतील, पण त्यातलं एकही काढलं नाही. नुसती माझ्यापुढे कॉफी सरकवली. म्हणाला, "तेल घालायला हवं होतं त्याला."

"सुधीर, तू तेव्हा बरोबर होतास."

"मला माहीत होतं ते," तो म्हणाला. "तुला कळावं, एवढंच पाहिजे होतं."

चौथ्या दिवशी मी हट्टानं त्याला पुन्हा सोप्या वाटेवर नेलं. पुन्हा बूट घासले, त्याचे आणि माझे, आणि या वेळी चारही खिसे उलटे केले. धुकं इतकं दाट की शेजारच्या बाकावरचा माणूस दिसेना. चार तास बसलो. एकदा फार लांबून कर्रर असं काहीतरी आलं. त्यानं मान वर केली. "ऐकलंस?" मी ऐकलं होतं, पण छातीवर हात ठेवून सांगता येईना, आणि तसंच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक. मग धरायचं नाही." संध्याकाळी सामान भरलं.

नेपरव्हिलला आलो तेव्हा बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. या सहलीनं मला काय दिलं, असं केतकीनं मेसेज करून विचारलं. तिच्या पिढीला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी मिळावं लागतं. मी लिहिलं: खिसे तपासायची सवय. ते खरंही आहे. एक गोष्ट तिला लिहिली नाही. त्या जंगलातल्या एका पक्ष्याचं आता नुसतं नाव उरलं आहे आणि दुसऱ्याचा आवाज अजून ऐकू येतो, तो ऐकणाऱ्या माणसाला आपण हसू नये.

रविवारी चहानंतर वही काढली. लॅबमध्ये चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला दुरुस्ती करणाऱ्याची सही. अठ्ठावीस वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवलं. घरच्या वहीत ही वेळ पहिल्यांदाच आली.

मी 'अनिश्चित'वर पट्टी ठेवून रेघ मारली. बाजूला लिहिलं: 'इइवी. सु.नं बरोबर ओळखला होता. चूक माझी. वि.' मी तो पक्षी त्या दिवशी पाहिला नव्हता, त्यामुळे माझा रकाना कोराच ठेवला. तो कोराच राहील.

सुधीरनं वही उजेडात धरली. "'अनिश्चित' अजून वाचता येतंय."

"वाचता आलंच पाहिजे."

मग मी खाली नवी ओळ लिहिली. 'सॅडल रोड, तिसरा किपुका. इइवी, एक.' पुढे 'वि.' आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं पेन घेतलं, टोपण काढलं, विचारात पडल्यासारखं केलं. दुसऱ्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'अनिश्चित.'

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपाआड हसत होता, खांदे हलत होते.

"सुधीर, ती शाई आहे."

"असू दे. रेघ मारून दुरुस्त करता येतं ना?"

"कधी?"

"मी स्वतः पाहीन तेव्हा."

ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. डॉक्टर म्हणतात, पुढच्या मार्चपर्यंत तो लाव्ह्यावरूनही चालेल, पण रोज व्यायाम केला तर. व्यायाम मी करून घेणार आहे.